पहिली क्रूझ : मस्टर ड्रिल आणि आणीबाणीची तयारी

क्रूझ जहाजावर चढलेल्या प्रवाशाकडून जहाज सुटण्याच्या सुमारास एक गोष्ट सक्तीने करून घेतली जाते, ती म्हणजे मस्टर ड्रिल. आणीबाणीत ज्या ठिकाणी जमायचे, त्या ठिकाणी, म्हणजे मस्टर स्टेशनवर, स्वतः जाऊन हजेरी लावण्याचा हा सराव असतो. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी दोन-चार रात्रींची सफर असो किंवा भूमध्य समुद्रातली आठवडाभराची, हा सराव टळत नाही. नव्या प्रवाशाला तो वेळखाऊ उपचार वाटतो, कारण त्याचा खरा हेतू त्याला क्वचितच कोणी समजावून सांगतो. लाइफ जॅकेट घालायला शिकवणे हा त्याचा लहानसा भाग आहे. जहाजावरील दोन-तीन हजार माणसांपैकी प्रत्येकजण नेमका कुठे आहे हे कर्मचाऱ्यांना थोडक्या वेळात कळावे, ही त्यामागची मुख्य गरज आहे. आपण ठरलेल्या जागी पोहोचलो की यादीतल्या आपल्या नावापुढे खूण होते. पोहोचलो नाही, तर आपल्याला शोधण्यासाठी कोणा कर्मचाऱ्याला धुराने भरलेल्या मजल्यावर परत जावे लागते. पुढील सर्व सूचना वाचताना ही एक बाब ध्यानात ठेवावी.

हा सराव नेमका केव्हा घ्यायचा, या नियमामागे एक मोठा अपघात आहे. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये ‘सोलास’ या नावाने ओळखला जाणारा समुद्री सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज जगभर लागू असलेले त्याचे रूप १९७४ चे आहे. या कराराप्रमाणे प्रवाशांचा सराव ते जहाजावर चढल्यापासून २४ तासांच्या आत घेतला तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळले, तेव्हा त्यावर चार हजारांहून अधिक माणसे होती. त्यातील शेकडो प्रवासी त्याच दिवशी चिविताव्हेक्किया बंदरात चढले होते आणि त्यांचा सराव झालेलाच नव्हता. जहाज सोडण्याचा आदेश आदळल्यानंतर तासाभराहून अधिक वेळाने दिला गेला. दरम्यान वीज गेल्याचे कारण सांगून काही प्रवाशांना केबिनमध्ये परत जायला सांगण्यात आले. ३२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर करारात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्याने चढलेल्या प्रवाशांचा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक झाले.

घरून निघण्यापूर्वी

तयारीची सुरुवात सामान भरताना होते. रोज घ्यावी लागणारी औषधे, चष्मा, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या आणि तान्ह्या बाळाचे आवश्यक सामान हातातल्या लहान पिशवीत ठेवावे. मोठ्या बॅगा बंदरावर आपल्याकडून घेतल्या जातात आणि केबिनपर्यंत यायला कित्येक तास लागू शकतात. सराव बहुधा त्याआधीच होऊन जातो. त्या पिशवीत एक हलका स्वेटर किंवा शालही असू द्यावी. खऱ्या प्रसंगी उघड्या डेकवर रात्री बराच वेळ थांबावे लागू शकते.

घरातील कोणी चाकाची खुर्ची वापरत असेल, कोणाला ऐकू कमी येत असेल किंवा सोबत तान्हे बाळ असेल, तर ते तिकीट काढतानाच कंपनीला लेखी कळवावे. कळवलेले असेल तरच अशा व्यक्तीसाठी मदतनीस नेमला जातो आणि अलार्मसोबत दिवा चमकवणारे किंवा उशी हलवणारे यंत्र केबिनमध्ये बसवता येते. चोवीस तास किंवा त्याहून लांबच्या सफरीवर प्रत्येक तान्ह्या बाळामागे बाळाच्या मापाचे लाइफ जॅकेट असावे असा नियम आहे, परंतु बाळ येणार हे जहाजाला आधी ठाऊक हवे. आजी-आजोबांना गुडघ्यांचा त्रास असेल, तर मस्टर स्टेशनपासून फार मजले दूर नसलेली केबिन मागावी. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही आणि बारा मजले चढणे-उतरणे त्यांना झेपणार नाही.

सामानातून काही वस्तू आठवणीने बाहेर काढाव्यात. इस्त्री, पाणी तापवायची किटली, लहान राइस कुकर, बहुतेक प्रकारचे एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्त्या, उदबत्ती आणि निरांजन यांना क्रूझवर परवानगी नसते. केबिनमध्ये सकाळी देवापुढे दिवा लावण्याची ज्यांची सवय आहे त्यांना हे जड वाटते, याची मला जाणीव आहे. तरीही याबाबत तडजोड करू नये. जहाजाला समुद्रापेक्षाही आगीचे भय अधिक असते, कारण भर समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही. तिथली आग तिथल्याच माणसांनी विझवायची असते.

केबिनमध्ये पोहोचल्यावरची पहिली पंधरा मिनिटे

केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला जहाजाच्या त्या भागाचा नकाशा लावलेला असतो. त्यावर आपली केबिन, जवळचे जिने आणि मस्टर स्टेशनकडे जाणारा मार्ग दाखवलेला असतो. मस्टर स्टेशनचा क्रमांक किंवा अक्षर आपल्या जहाजाच्या कार्डावरही, म्हणजे प्रवाशाला मिळणाऱ्या ओळखपत्रावरही, छापलेला असतो. तो घरातील प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, पाठ करावा. हे स्टेशन उघड्या डेकवर लाइफबोटीखाली असू शकते किंवा नाट्यगृह, रेस्टॉरंट अशा बंदिस्त जागीही असू शकते. त्यामुळे बोटी दिसतील तिकडे जायचे असा अंदाज करून चालत नाही.

त्यानंतर कपाट उघडून लाइफ जॅकेट आहेत का, आणि माणसांइतकी आहेत का, हे पाहावे. काही नव्या जहाजांवर ती केबिनमध्ये नसून मस्टर स्टेशनवरच ठेवलेली असतात. तसे असल्यास नकाशाजवळच्या सूचनेत किंवा टीव्हीवरील माहितीत सांगितलेले असते. मुलांचे जॅकेट वेगळे असते आणि त्यावर वजनाची किंवा उंचीची मर्यादा लिहिलेली असते. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातल्यास ते पाण्यात अंगातून वर सरकते. कपाटात मुलांच्या मापाचे जॅकेट नसेल, तर केबिनची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला लगेच सांगावे, संध्याकाळची वाट पाहू नये.

मग केबिनमधून बाहेर पडून मस्टर स्टेशनपर्यंत लिफ्टशिवाय एकदा चालत जावे. या एका फेरीला मी इतर सगळ्या सूचनांहून अधिक महत्त्व देईन. क्रूझ जहाजातील बोळ लांबलचक आणि दिसायला एकसारखे असतात. खिडकी नसल्यामुळे जहाजाची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती हेही उमगत नाही. म्हणून केबिनच्या दारापासून जिन्यापर्यंत डावीकडे किती दारे लागतात आणि उजवीकडे किती, हे मोजून ठेवावे. धुरात डोळे उघडता येत नाहीत, पण भिंतीवर हात ठेवून दारे मोजता येतात. जमिनीलगत किंवा भिंतीच्या खालच्या भागात बसवलेल्या मंद दिव्यांच्या किंवा अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या दिसतील. धूर वर साठतो आणि छतावरचे दिवे त्यात झाकले जातात, म्हणून मार्ग दाखवणाऱ्या या पट्ट्या पायाशी असतात. जाताना एका जिन्याने जावे आणि परतताना दुसऱ्याने यावे, म्हणजे एक मार्ग बंद झाल्यास दुसरा पायाखालचा असेल. वाटेत जाड, आपोआप मिटणारे दरवाजे लागतात. ते आग अडवण्यासाठी असतात. ते खुर्ची किंवा बॅग लावून उघडे ठेवू नयेत.

सराव कसा होतो

सरावाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. जुन्या पद्धतीत ठरलेल्या वेळी अलार्म वाजतो, सर्व प्रवासी एकाच वेळी आपापल्या स्टेशनवर जमतात, कर्मचारी कार्ड तपासून हजेरी घेतात आणि लाइफ जॅकेटचे प्रात्यक्षिक दाखवतात. २०२० नंतर अनेक कंपन्यांनी दुसरी पद्धत स्वीकारली. तीत सुरक्षेची चित्रफीत केबिनमधील टीव्हीवर किंवा मोबाइल ॲपवर पाहायची आणि दिलेल्या मुदतीत स्टेशनवर जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचे असते. जहाज निघण्यापूर्वी सर्वांना ओळखता यावा म्हणून अलार्म वाजवून दाखवला जातो.

दुसरी पद्धत सोयीची आहे, गर्दीही टळते. पण तिच्यात प्रवाशाच्या प्रामाणिकपणावर बरेच सोपवलेले असते, असे माझे मत आहे. टीव्हीवर चित्रफीत चालू ठेवून आपण कपडे लावत बसलो, तर यंत्रणेच्या नोंदीत ती पाहिल्याचे दिसेल आणि आपल्या डोक्यात काहीही उरणार नाही. म्हणून कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसून ती पूर्ण पाहावी आणि स्टेशनवर गेल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याला दोन प्रश्न तरी विचारावेत: मुले खेळघरात असताना अलार्म झाला तर ती कुठे नेली जातात, आणि हा मार्ग बंद असेल तर इथे कुठून यायचे. सराव वारंवार टाळणाऱ्या प्रवाशाला बंदरावर उतरवून देण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते.

भोंगा वाजल्यावर

आणीबाणीचा सर्वसाधारण इशारा जगातील सर्व प्रवासी जहाजांवर एकच आहे: जहाजाच्या भोंग्याचे आणि अलार्मच्या घंटेचे सात किंवा अधिक छोटे आवाज आणि त्यामागून एक लांब आवाज. याचा अर्थ मस्टर स्टेशनवर जमा, इतकाच असतो. जहाज सोडायचे आहे असा त्याचा अर्थ नसतो. जहाज सोडण्याचा आदेश केवळ कॅप्टन, किंवा त्याच्या जागी असलेला अधिकारी, स्पष्ट शब्दांत देतो. जोपर्यंत जहाज तरंगत आहे तोपर्यंत बहुतेक वेळा तेच सर्वांत सुरक्षित ठिकाण असते.

या इशाऱ्याआधी ध्वनिक्षेपकावर सांकेतिक शब्दांच्या घोषणा ऐकू येऊ शकतात. त्या कर्मचाऱ्यांच्या पथकांसाठी असतात आणि प्रत्येक कंपनीचे संकेत थोडे निराळे असतात. बऱ्याच जहाजांवर ‘ब्राव्हो’ म्हणजे आग आणि ‘ऑस्कर’ म्हणजे कोणीतरी पाण्यात पडले असा संकेत आहे. अशा घोषणेनंतर बोळ मोकळा ठेवावा, शक्य तर बसलेल्या जागीच थांबावे आणि पुढील सूचना ऐकावी.

सात छोटे आणि एक लांब आवाज ऐकल्यावर मात्र थांबू नये. आपण केबिनमध्ये असू, तर उबदार कपडे, बंद बूट, औषधांची पिशवी, लाइफ जॅकेट आणि जहाजाचे कार्ड घेऊन लगेच निघावे. या वस्तू रोज रात्री झोपताना एकाच जागी ठेवल्या तर त्या उचलायला अर्धे मिनिट पुरते. बॅगा, दागिने किंवा लॅपटॉप शोधण्यात वेळ घालवू नये. आपण केबिनपासून दूर असू, तर केबिनकडे वळूही नये. जॅकेट स्टेशनवर मिळते. प्रवाहाच्या उलट दिशेने जाणारा एक माणूस जिन्यावर पन्नास जणांची वाट अडवतो.

कुटुंबाची ताटातूट झालेली असेल, तर एकमेकांना शोधत फिरण्याऐवजी प्रत्येकाने मस्टर स्टेशन गाठावे. आईबापांना हे फार कठीण वाटते. म्हणूनच ते सरावाच्या दिवशीच ठरवून ठेवायचे असते. खेळघरातील मुलांच्या मनगटावर स्टेशनचा क्रमांक असलेला पट्टा बांधलेला असतो आणि त्यांना तिथवर नेण्याची जबाबदारी ठरावीक कर्मचाऱ्यांकडे असते. आपण खेळघराकडे धावत सुटलो आणि मूल तोवर स्टेशनवर पोहोचले, तर दोन माणसे हरवल्याची नोंद होते.

जिने उतरताना उजव्या बाजूने, कठडा धरून, न धावता चालावे. प्रत्येक वळणावर पिवळ्या किंवा नारिंगी टोपीतला एखादा कर्मचारी हात करून दिशा दाखवत असेल. तो एरवी आपल्याला जेवण वाढणारा वेटर असला, तरी त्या क्षणी तो नेमून दिलेले सुरक्षेचे काम करत असतो आणि त्याचे म्हणणे ऐकावे. जहाजांवर गोवा, कोकण आणि मुंबईचे कित्येक तरुण काम करतात. आग विझवणे, प्रथमोपचार आणि समुद्रात जीव वाचवणे यांचे मूलभूत प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्यांना जहाजावर रुजू होता येत नाही.

स्टेशनवर पोहोचल्यावर शांत बसून हजेरी द्यावी. नंतर कितीही कंटाळा आला तरी न सांगता जागा सोडू नये. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वादळात ‘व्हायकिंग स्काय’ या जहाजाची इंजिने बंद पडली, तेव्हा प्रवाशांना मस्टर स्टेशनवर कित्येक तास थांबावे लागले. वंगण तेलाची पातळी कमी असल्याने हा बिघाड झाला होता. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलण्यात आले आणि उरलेले जहाजासह दुसऱ्या दिवशी मोल्डे बंदरात पोहोचले. हातात औषधे आणि अंगात उबदार कपडे असणे अशा वेळी किती मोलाचे ठरते, हे निराळे सांगायला नको.

लाइफ जॅकेट आणि लाइफबोट

जॅकेट डोक्यातून घालून त्याचा पट्टा पाठीमागून पुढे आणावा, बकल लावावे आणि पट्टा घट्ट ओढावा. जॅकेट खांद्यावरून वर उचलून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर पट्टा सैल आहे. शिट्टी आणि पाण्यात पेटणारा दिवा कुठे आहे तेही चाचपून पाहावे. साडी किंवा लांब ओढणी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचावा, कारण पायऱ्या आणि बोटीचा उंबरा ओलांडताना तोच पायात येतो. आधी स्वतःचे जॅकेट नीट बांधावे, मग मुलांचे.

लाइफबोटीत बसण्याची वेळ आलीच, तर कर्मचारी सांगतील त्या क्रमाने आत जावे, दूरच्या टोकापासून जागा भरत बसावे, पट्टा बांधावा आणि हात बोटीच्या कडेबाहेर काढू नये. बोट अपेक्षेपेक्षा कमी जागेत अधिक माणसे घेते, त्यामुळे खांद्याला खांदा लागतोच. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लांबच्या सफरीवरील जहाजावर सर्व माणसांना पुरतील इतक्या बोटी व तराफे असतात आणि त्याखेरीज आणखी २५ टक्के माणसांसाठी तराफे ठेवलेले असतात. जागा मिळणार नाही या भीतीने ढकलाढकली करण्याचे कारण नाही. बोटीत पिण्याचे पाणी, कोरडे खाद्य आणि मळमळ थांबवणारी गोळी असते. ती गोळी त्रास सुरू होण्याआधीच घ्यावी, कारण उलट्यांनी शरीरातील पाणी वेगाने कमी होते. डेकवरून पाण्यात उडी मारणे हा सर्वांत शेवटचा मार्ग आहे आणि आदेशाशिवाय तो अवलंबू नये.

आग आणि धूर

धूर किंवा जळका वास जाणवला, तर तो कशाचा आहे याची खात्री करत बसू नये. केबिनच्या फोनवर आणीबाणीचा क्रमांक लिहिलेला असतो, त्यावर लगेच कळवावे आणि बोळातील लाल अलार्मचे बटण दाबावे. केबिनमध्ये असताना अलार्म झाला, तर दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागच्या बाजूने ते तापले आहे का पाहावे. तापलेले असेल तर उघडू नये. फटीत ओले टॉवेल लावून फोनवरून आपण आत अडकल्याचे सांगावे. बाहेर पडता येत असेल, तर वाकून किंवा रांगत, पायाशी असलेल्या पट्ट्यांच्या दिशेने जावे आणि मागे दार बंद करावे.

सिगारेट ओढणाऱ्यांनी ती केवळ नेमून दिलेल्या जागीच ओढावी आणि थोटूक कधीही कठड्याबाहेर फेकू नये. वाऱ्याने ते खालच्या बाल्कनीत जाऊन पडते. २००६ च्या मार्चमध्ये जमैकाकडे निघालेल्या ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजावर बाल्कनीतून पसरलेल्या आगीत शेकडो केबिन होरपळल्या आणि एका प्रवाशाचा धुराने मृत्यू झाला. विझवून न टाकलेली सिगारेट हेच त्या आगीचे संभाव्य कारण मानले गेले. बाल्कनीतील फर्निचर व आडपडदे कोणत्या साहित्याचे असावेत, याचे नियम त्यानंतर कडक झाले.

कोणी पाण्यात पडल्यास

मोठ्याने ओरडून इतरांना सावध करावे, जवळचे लाइफबॉय म्हणजे तरंगते कडे पाण्यात फेकावे आणि कोणाला तरी ब्रिजला, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षाला, कळवायला धाडावे. ज्याने पडताना पाहिले, त्याने मात्र जागा सोडू नये आणि त्या माणसाकडे बोट रोखून पाहत राहावे. लाटांमधले डोके नजरेआड झाले की पुन्हा सापडणे फार अवघड असते आणि मोठ्या जहाजाला वळून परत यायला बराच वेळ लागतो. स्वतः मागोमाग उडी मारू नये.

पुढच्या दिवसांत

सफरीदरम्यान ‘केवळ कर्मचाऱ्यांसाठी’ अशी घोषणा होऊन अलार्म वाजला, तर घाबरू नये. प्रवासी जहाजांवर कर्मचाऱ्यांचा आगीचा आणि जहाज सोडण्याचा सराव दर आठवड्याला होतो, बहुधा जहाज बंदरात असताना. त्या वेळी बोटी खाली सोडताना पाहायला मिळाल्या तर मुलांना आवर्जून दाखवाव्यात.

आपल्याकडच्या सफरींत एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, ती म्हणजे जहाजातून लहान बोटीत उतरणे. लक्षद्वीपमध्ये मोठे जहाज बहुतेक ठिकाणी किनाऱ्याला लागत नाही, ते खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींनी बेटावर नेले जाते. लाटेबरोबर बोट वर-खाली होत असते, म्हणून दोन्ही हात मोकळे ठेवावेत, मोबाइल खिशात असावा आणि कर्मचाऱ्याने हात धरून ‘आता’ म्हटल्यावरच पाऊल टाकावे. बोटीत बसल्यावर उभे राहू नये आणि फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला जाऊ नये. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे बुडाली. पावसाळी समुद्रात बोट कलंडल्यावर घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि तोल आणखी गेला, असे त्या दुर्घटनेच्या वर्णनांत येते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते. त्यामुळे घारापुरीची फेरी असो वा क्रूझवरून बेटावर जाणारी बोट, अंतर कितीही थोडे असले तरी जॅकेट घालून, पट्टा बांधूनच बसावे. जॅकेट कमी पडत असतील तर त्या फेरीत न जाता पुढच्या फेरीसाठी थांबावे.